प्रतिस्थापन पद्धत : दोन अज्ञातांकडून एका अज्ञाताकडे

दोन राशी ठाऊक नाहीत, पण त्यांच्यातील संबंध सांगणाऱ्या दोन अटी ठाऊक आहेत, अशा स्थितीत त्या दोन्ही राशी शोधून काढता येणे ही बीजगणिताने दिलेली फार मोठी सोय होय. उपाहारगृहाच्या दोन बिलांवरून एकेका पदार्थाचा दर काढणे, टेम्पोच्या भाड्यातील ठरावीक आकार आणि किलोमीटरमागचा आकार वेगवेगळा करणे, दोन प्रतींचे दूध मिसळून हव्या त्या प्रतीचे दूध तयार करणे, या प्रश्नांचा बाह्य वेश निरनिराळा असला तरी आतील रचना एकच असते. या रचनेला गणितात 'दोन चलांतील एकसामयिक रेषीय समीकरणे' असे नाव आहे. ती सोडविण्याच्या अनेक रीतींपैकी सर्वांत सरळ आणि विचाराच्या दृष्टीने सर्वांत मूलगामी रीत म्हणजे प्रतिस्थापन पद्धत.

राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. या विषयाशी प्रत्येक विद्यार्थ्याची गाठ पडते ती अशी. मात्र पायऱ्या तोंडपाठ असूनही एखाद्या कंसापायी किंवा उणे चिन्हापायी उत्तर चुकते आणि 'मला बीजगणित जमत नाही' अशी गाठ मनात बसते. वस्तुतः या पद्धतीमागील कल्पना एका वाक्यात सांगता येते : ज्या दोन गोष्टी समान आहेत, त्यांपैकी एकीच्या जागी दुसरी ठेवता येते. हे एक वाक्य नीट उमगले, तर पायऱ्या पाठ करण्याची गरज उरत नाही. कोठे चूक झाली, हेही स्वतःचे स्वतःला शोधता येते.

चल, समीकरण आणि उकल

ज्या राशीची किंमत ठाऊक नाही, तिच्यासाठी वापरलेल्या अक्षराला 'चल' म्हणतात. मराठीत त्यासाठी क्ष आणि य ही अक्षरे रूढ आहेत. ज्या समीकरणात चलांचा वर्ग, घन किंवा एकमेकांशी गुणाकार येत नाही, ते रेषीय अथवा एकघाती समीकरण होय. आलेख कागदावर काढल्यास अशा समीकरणाची सरळ रेषा मिळते, म्हणून ते 'रेषीय'.

दोन चलांचे एकच समीकरण दिले तर त्याच्या उकली असंख्य असतात. 'क्ष + य = १०' या समीकरणात क्ष ४ असेल तर य ६ होतो. क्ष ९ असेल तर य १ होतो. अपूर्णांक आणि ऋण संख्याही चालतात. या असंख्य जोड्यांपैकी एक नेमकी जोडी निवडायची, तर आणखी एक स्वतंत्र अट हवी. ती दुसरी अट म्हणजे दुसरे समीकरण. दोन्ही समीकरणांना एकाच वेळी खरे ठरविणारी जोडी शोधायची असते, म्हणून त्यांना 'एकसामयिक' म्हटले जाते.

एक साधे उदाहरण

एका उपाहारगृहात तीन वडापाव आणि दोन चहा यांचे बिल ८० रुपये झाले. शेजारच्या टेबलावर एक वडापाव आणि चार चहा यांचे बिल ६० रुपये झाले. एका वडापावचा आणि एका चहाचा दर किती?

वडापावचा दर क्ष रुपये आणि चहाचा दर य रुपये मानू.

३क्ष + २य = ८० … (१)
क्ष + ४य = ६० … (२)

दुसऱ्या समीकरणात क्ष एकटाच आहे, त्याच्यामागे सहगुणक नाही. त्यामुळे त्याला वेगळे काढणे सोपे जाते.

क्ष = ६० − ४य … (३)

या ओळीचा अर्थ असा की, एका वडापावचा दर म्हणजे साठ रुपयांतून चार चहांचे पैसे वजा केल्यावर उरणारी रक्कम. आता पहिल्या समीकरणात जेथे जेथे क्ष आहे, तेथे तेथे '६० − ४य' हे संपूर्ण पद कंसात लिहू.

३(६० − ४य) + २य = ८०
१८० − १२य + २य = ८०
१८० − १०य = ८०
१०य = १००
य = १०

ही किंमत समीकरण (३) मध्ये ठेवली असता क्ष = ६० − ४० = २० मिळतो. म्हणजे वडापाव २० रुपयांना आणि चहा १० रुपयांना. पडताळा पाहू : तीन वडापावचे ६० आणि दोन चहांचे २० मिळून ८०, एका वडापावचे २० आणि चार चहांचे ४० मिळून ६०. दोन्ही बिले जुळली.

पद्धतीच्या पायऱ्या

वरील उदाहरणात केलेली कृती सर्वसाधारण रूपात पुढीलप्रमाणे मांडता येते.

१. दोन समीकरणांपैकी कोणत्याही एका समीकरणातून कोणतेही एक चल दुसऱ्या चलाच्या रूपात मांडावे. ज्या चलाचा सहगुणक १ किंवा उणे १ आहे, ते निवडल्यास अपूर्णांक टळतात.

२. मिळालेली राशी न वापरलेल्या दुसऱ्या समीकरणात त्या चलाच्या जागी कंसासहित ठेवावी.

३. आता एकच चल उरलेले समीकरण सोडवावे.

४. मिळालेली किंमत पहिल्या पायरीतील मांडणीत ठेवून दुसऱ्या चलाची किंमत काढावी.

५. दोन्ही किमती मूळ समीकरणांत ठेवून पडताळा पाहावा.

पद्धत का चालते?

क्ष च्या जागी '६० − ४य' लिहिण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. आपण शोधत असलेल्या जोडीसाठी दुसरे समीकरण खरे आहे, म्हणूनच त्या जोडीपुरते क्ष आणि '६० − ४य' या एकाच संख्येच्या दोन लेखनपद्धती आहेत. एकाच व्यक्तीला घरी एका नावाने आणि कचेरीत दुसऱ्या नावाने हाक मारली तरी व्यक्ती बदलत नाही, तसेच हे होय. पहिल्या समीकरणात नाव बदलले, संख्या बदलली नाही. त्यामुळे समीकरणाची सत्यताही ढळली नाही. बदलले ते एवढेच की, दोन अज्ञातांचा प्रश्न एका अज्ञाताचा झाला, आणि एका अज्ञाताचे समीकरण सोडविणे सातवी-आठवीतील विद्यार्थ्यालाही येते.

आलेखाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक समीकरण ही एक रेषा आहे. 'क्ष = ६० − ४य' असे लिहिले म्हणजे आपण दुसऱ्या रेषेवरूनच चालण्याचे ठरविले. ही राशी पहिल्या समीकरणात ठेवली म्हणजे, या रेषेवरून चालताना पहिली रेषा नेमकी कोठे आडवी येते, असे विचारले. तो छेदनबिंदू म्हणजेच उकल.

चुका कोठे होतात?

प्रतिस्थापन पद्धतीतील बहुतेक चुका तीन जागी होतात. यांपैकी पहिली चूक कंसाची. पुढील समीकरणे पाहा.

य = २क्ष − ५
३क्ष − २य = ४

य ची किंमत ठेवल्यावर '३क्ष − २(२क्ष − ५) = ४' असे समीकरण तयार होते. कंस सोडविताना उणे दोनने उणे पाचला गुणायचे असल्याने अधिक दहा मिळतात. ३क्ष − ४क्ष + १० = ४, म्हणजे क्ष = ६ आणि य = ७. अनेक विद्यार्थी घाईत येथे उणे दहा लिहितात. मग ३क्ष − ४क्ष − १० = ४ होऊन क्ष = −१४ आणि त्यावरून य = −३३ येतो.

दुसरी चूक पडताळ्याची आहे आणि ती अधिक फसवी आहे. वरील चुकीचे उत्तर पहिल्या समीकरणात ठेवून पाहिल्यास २ × (−१४) − ५ = −३३, म्हणजे पडताळा जुळतो! विद्यार्थी निर्धास्त होतो. पण हा पडताळा जुळणारच होता, कारण य ची किंमत त्याच समीकरणावरून काढलेली आहे. क्ष ची किंमत कितीही चुकीची असली तरी त्या समीकरणाशी य चे जमतेच. खरा पडताळा दुसऱ्या समीकरणात होतो : ३ × (−१४) − २ × (−३३) = −४२ + ६६ = २४. तेथे ४ यायला हवे होते, म्हणजे चूक उघडी पडली. यावरून एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. चल वेगळे काढण्यासाठी जे समीकरण वापरले, त्यात पडताळा पाहून थांबू नये. ज्या समीकरणात राशी ठेवली, त्याच्या मूळ रूपात तो अवश्य पाहावा. परीक्षेत या कामाला अर्धा मिनिटही लागत नाही.

तिसरी चूक म्हणजे ज्या समीकरणातून चल वेगळे काढले, त्याच समीकरणात ती राशी परत ठेवणे. 'क्ष + ४य = ६०' मधून 'क्ष = ६० − ४य' काढून ते पुन्हा तेथेच ठेवले, तर '६० − ४य + ४य = ६०', म्हणजे '६० = ६०' एवढेच हाती येते. हे विधान खरे आहे, परंतु त्यातून नवीन काहीच कळत नाही. एका साक्षीदाराचे म्हणणे त्याच साक्षीदाराला विचारून ताडून पाहण्यासारखे हे आहे. दुसरी अट वापरलीच नाही, तर तिच्यातील माहिती उत्तरात उतरणार कशी?

उत्तर एकच असेल असे नाही

कधी कधी काहीही चूक न करता दोन्ही चले नाहीशी होतात. त्या वेळी उरलेले विधान काय सांगते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

समजा, एका दुकानात एक वही आणि दोन पेन यांची किंमत ७० रुपये आहे. दुसऱ्या ग्राहकाने तीन वह्या आणि सहा पेन घेऊन २१० रुपये दिले. पहिल्या माहितीवरून क्ष = ७० − २य. ही राशी दुसऱ्या समीकरणात ठेवली की '३(७० − २य) + ६य = २१०', म्हणजेच '२१० = २१०' असे उरते. हे विधान नेहमीच खरे असल्याने उकली असंख्य आहेत. कारण उघड आहे : दुसऱ्या ग्राहकाची खरेदी ही पहिल्याच खरेदीची तिप्पट आहे. दोन बिले हाती असली तरी माहिती एकाच बिलाइतकी आहे. आलेखावर या दोन्ही समीकरणांची एकच रेषा येते. मात्र 'असंख्य उकली' याचा अर्थ 'कोणतीही जोडी' असा नव्हे. वही ३० आणि पेन २० चालेल, वही ४० आणि पेन १५ चालेल. पण वही ५० आणि पेन २० चालणार नाही.

आता दुसऱ्या ग्राहकाने २१० ऐवजी २०० रुपये दिले असतील, तर शेवटी '२१० = २००' असे उघड असत्य विधान मिळते. याचा अर्थ दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारी जोडी अस्तित्वातच नाही. आलेखावर या दोन रेषा समांतर असतात आणि कधीच मिळत नाहीत. व्यवहारात याचा अर्थ असा की, दुसऱ्या ग्राहकाला सवलत मिळाली किंवा बिलात चूक झाली. दोघांना एकच दर लावला गेलेला नाही. म्हणजे समीकरणाला उत्तर न मिळणे हेही एक उत्तरच असते. अनेक विद्यार्थी अशा वेळी आपलेच काही चुकले असे समजून सगळे खोडून टाकतात. तसे करण्यापूर्वी दोन्ही समीकरणांतील सहगुणकांचे गुणोत्तर पाहावे. ते सारखे असेल, तर चूक गणित करणाऱ्याची नसून प्रश्नाचे स्वरूपच तसे आहे, असे समजावे.

लोप पद्धत की प्रतिस्थापन पद्धत?

शाळेत याच प्रकरणात चलाचा लोप करण्याची पद्धत शिकविली जाते. तीत दोन्ही समीकरणांना योग्य संख्यांनी गुणून एका चलाचे सहगुणक सारखे केले जातात आणि बेरीज किंवा वजाबाकी करून ते चल घालविले जाते. यांपैकी कोणती पद्धत श्रेष्ठ, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. पुढील उदाहरण त्याचे उत्तर देते.

५क्ष + ३य = ३१
२क्ष + ७य = २४

लोप पद्धतीने पहिल्या समीकरणाला २ ने आणि दुसऱ्याला ५ ने गुणले, तर '१०क्ष + ६य = ६२' आणि '१०क्ष + ३५य = १२०' अशी समीकरणे मिळतात. वजाबाकी केल्यावर २९य = ५८, म्हणून य = २ आणि क्ष = ५.

प्रतिस्थापन पद्धतीने क्ष = (३१ − ३य) ÷ ५ अशी मांडणी होते. ती दुसऱ्या समीकरणात ठेवून दोन्ही बाजूंना ५ ने गुणले की '६२ − ६य + ३५य = १२०', म्हणजेच पुन्हा २९य = ५८. दोन्ही वाटा एकाच मुक्कामी येतात, इतकेच नव्हे, तर वाटेत तेच आकडे भेटतात. भेद केवळ लेखनाचा आहे. येथे लोप पद्धतीत अपूर्णांक टळले, म्हणून ती सोयीची. वडापावच्या उदाहरणात एक सहगुणक १ होता, म्हणून प्रतिस्थापन सोयीचे. सहगुणक पाहून पद्धत निवडावी, हे उत्तम.

प्रतिस्थापन पद्धतीचा एक फायदा मात्र लोप पद्धतीला सहसा साधत नाही. समीकरण रेषीय नसले तरी ती उपयोगी पडते. दोन संख्यांची बेरीज १० आणि गुणाकार २१ आहे, असे दिले असता क्ष = १० − य ही राशी गुणाकाराच्या समीकरणात ठेवून '१०य − य² = २१' हे वर्गसमीकरण मिळते आणि ३ व ७ या संख्या हाती येतात. पुढे महाविद्यालयात कलनशास्त्र शिकताना, विज्ञानाची सूत्रे एकमेकांत गुंफताना हीच युक्ती पावलोपावली लागते. नववी-दहावीत ती न समजता पाठ केली, तर पुढील अडचणीचे मूळ तेथे असते.

शाब्दिक उदाहरणांचा अडसर

समीकरण दिले तर सोडविता येते, पण शब्दांतून समीकरण मांडता येत नाही, ही सार्वत्रिक तक्रार आहे. त्यावर एक सोपा उपाय म्हणजे क्ष आणि य कशासाठी मानले, हे एककासह पूर्ण वाक्यात लिहिणे. 'क्ष = टेम्पो' असे न लिहिता 'टेम्पोचा ठरावीक आकार क्ष रुपये आणि दर किलोमीटरचा आकार य रुपये' असे लिहावे.

एका टेम्पोने सामान नेण्यासाठी ८ किलोमीटरला ५४० रुपये आणि १५ किलोमीटरला ८२० रुपये आकारले, असे समजू. म्हणजे क्ष + ८य = ५४० आणि क्ष + १५य = ८२०. पहिल्या समीकरणावरून क्ष = ५४० − ८य. दुसऱ्यात ठेवल्यावर ५४० + ७य = ८२०, म्हणून य = ४० आणि क्ष = २२०. आता २५ किलोमीटरला किती पडतील, हे टेम्पोवाल्याला न विचारताही सांगता येते : २२० + १००० = १,२२० रुपये. त्याने याहून बराच अधिक आकडा सांगितला, तर दर बदलला की आणखी काही आकार लावला, असे विचारता येते.

दुधाचे उदाहरणही असेच आहे. अन्नसुरक्षा मानकांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के आणि फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असावा लागतो. नेमका ३ टक्के आणि ६ टक्के स्निग्धांश असलेले दूध मिसळून ४ टक्क्यांचे ३० किलो दूध करायचे असेल, तर क्ष किलो आणि य किलो अशी परिमाणे मानावीत. एकूण वजनावरून क्ष + य = ३०. स्निग्धांश शेकडेवारीत असल्याने ३क्ष + ६य = ४ × ३० = १२०. क्ष = ३० − य ठेवल्यावर ९० + ३य = १२०, म्हणून य = १० आणि क्ष = २०. टोन्ड दूध २० किलो आणि फुल क्रीम १० किलो घ्यावे लागेल.

भास्कराचार्यांचे दोन मित्र

अशा प्रश्नांची भारतीय परंपरा फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात अनेक अज्ञात राशींच्या समीकरणांचा विचार आहे. अज्ञातांना रंगांची नावे देण्याची प्रथा होती, म्हणून अशा समीकरणांना 'अनेकवर्ण समीकरण' म्हणत. पहिला अज्ञात 'यावत्तावत्', पुढचे कालक, नीलक, पीतक, लोहितक. आज क्ष आणि य जे काम करतात, तेच काम हे काळे, निळे, पिवळे रंग करीत होते. युरोपात अज्ञातांसाठी वर्णमालेतील शेवटची अक्षरे वापरण्याचा प्रघात देकार्तच्या १६३७ मधील भूमितीविषयक ग्रंथाने रूढ केला.

इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात दोन मित्रांचा एक प्रश्न आहे. त्याचा आशय असा : पहिला म्हणतो, 'तू मला शंभर दिलेस तर माझे धन तुझ्या दुप्पट होईल.' दुसरा म्हणतो, 'तू मला दहा दिलेस तर माझे धन तुझ्या सहापट होईल.' तर प्रत्येकाजवळ किती धन आहे?

आजच्या पद्धतीने पहिली अट 'क्ष + १०० = २(य − १००)', म्हणजेच 'क्ष = २य − ३००' अशी होते. दुसरी अट 'य + १० = ६(क्ष − १०)', म्हणजेच 'य = ६क्ष − ७०'. क्ष ची राशी येथे ठेवली असता य = ६(२य − ३००) − ७० = १२य − १८७०, म्हणून ११य = १८७०, य = १७० आणि क्ष = ४०.

भास्कराचार्यांनी मात्र याहूनही थोडक्यात काम भागविले. त्यांनी पहिल्याचे धन 'दोन यावत्तावत् उणे शंभर' आणि दुसऱ्याचे 'एक यावत्तावत् अधिक शंभर' असे मानले. शंभराची देवघेव झाली की पहिल्याजवळ दोन यावत्तावत् आणि दुसऱ्याजवळ एक यावत्तावत् राहते. म्हणजे पहिली अट मांडणीतच पाळली गेली. उरली एकच अट आणि एकच अज्ञात. त्यावरून यावत्तावत् ७० येतो, आणि धन ४० व १७०. एका अटीचा पूर्ण उपयोग करून अज्ञातांची संख्या कमी करायची, हा प्रतिस्थापनाचा गाभा येथे स्पष्ट दिसतो. अज्ञाताच्या जागी त्याची किंमत ठेवण्याच्या क्रियेला या परंपरेत 'उत्थापन' असा शब्दही होता.

या परंपरेचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख असलेला तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला.

अन्यत्रही हा विचार रुजला होता. चीनमधील 'नऊ प्रकरणांचे गणित' या प्राचीन ग्रंथातील आठवे प्रकरण धान्याच्या पेंढ्यांच्या उदाहरणांतून लोप पद्धत शिकविते. आयझॅक न्यूटनच्या १७०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅटिन बीजगणितात समीकरणांतून अज्ञात राशी काढून टाकण्याच्या रीतींमध्ये किंमत ठेवण्याच्या रीतीचाही समावेश आहे.

दोन चलांपासून महासंगणकापर्यंत

चले तीन असली तरी तत्त्व तेच राहते. तीन भावंडांच्या वयांची बेरीज १२ आहे. मधल्याचे वय धाकट्याच्या दुप्पट आणि थोरल्याचे मधल्यापेक्षा २ वर्षांनी अधिक आहे. धाकट्याचे वय क्ष मानल्यास मधल्याचे २क्ष आणि थोरल्याचे २क्ष + २ होते. बेरजेच्या समीकरणात ठेवल्यावर ५क्ष + २ = १२, म्हणून वये २, ४ आणि ६ वर्षे.

चलांची संख्या शेकड्यांत किंवा हजारांत गेली की हाताने हे काम होत नाही. पुलाच्या सांगाड्यावरील ताण, हवामानाचे अंदाज, विजेच्या जाळ्यातील प्रवाह यांच्या आकडेमोडीत अशी प्रचंड समीकरणे येतात. तेव्हा संगणक दोन्ही पद्धतींची सांगड घालतो. प्रथम लोप पद्धतीने एकेक चल घालवीत अखेरच्या समीकरणात एकच चल उरवले जाते. मग त्याची किंमत त्याच्या वरच्या समीकरणात, मिळालेल्या किमती आणखी वरच्या समीकरणात, असे उलट दिशेने प्रतिस्थापन होते. एक हजार चलांच्या समीकरणांसाठी पहिल्या टप्प्यात सुमारे ३३ कोटी गुणाकार लागतात, तर उलट प्रतिस्थापनाला सुमारे ५ लाखच पुरतात.

जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. तीत क्रम लावण्याची कसोटी म्हणजे रेषीय समीकरणांचा एक अवाढव्य संच सोडविण्याचा वेग. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता. तो दर्जा ठरला तो एका अर्थाने दहावीच्या पहिल्या प्रकरणातील प्रश्नावरूनच.

संगणक हे काम क्षणार्धात करीत असला तरी दोन गोष्टी माणसालाच कराव्या लागतात. अटी नेमक्या शब्दांतून समीकरणात उतरविणे ही पहिली, आणि मिळालेले उत्तर मूळ प्रश्नाशी ताडून पाहणे ही दुसरी. चहाचा दर उणे पाच रुपये आला किंवा मुलाचे वय वडिलांपेक्षा अधिक निघाले, तर समीकरण कितीही बिनचूक सुटलेले असो, मांडणीकडे परत जावेच लागते. प्रतिस्थापन पद्धत शिकताना ही सवय लागली, तर परीक्षेतील गुणांपलीकडे ती रोजच्या हिशेबातही उपयोगी पडते.